उद्दानम : उद्यानांतील मुका रोग

पुरीच्या जगन्नाथाचें दर्शन आटोपून दक्षिणेकडे निघालेल्या यात्रेकरूस आगगाडीच्या खिडकींतून मोठा रमणीय प्रदेश पाहावयास मिळतो. खुर्दा रोड सोडल्यानंतर कांहीं वेळानें डाव्या हातास चिल्का सरोवर दिसूं लागतें. बालुगांव, रंभा हीं स्थानकें त्याच्याच आसपासचीं. सरोवरांतील नावा आणि थंडीच्या दिवसांत उतरलेले पक्ष्यांचे थवे पाहतां पाहतां वेळ कसा गेला तें कळत नाहीं. ब्रह्मपूर मागें पडतें, इच्छापुरम् येतें, आणि फलाटावरील पाट्यांवरची उडिया लिपि जाऊन तेथें वाटोळीं तेलुगू अक्षरें दिसूं लागतात. येथून आंध्र प्रदेशाचा श्रीकाकुलम् जिल्हा सुरू होतो. उजवीकडे पूर्वघाटाच्या निळसर रांगा, डावीकडे नारळींच्या राया, आणि त्यांच्यापलीकडे, दिसत नसला तरी वाऱ्यावरून ओळखूं येणारा समुद्र. बहुतेक यात्रेकरूंचें चित्त या वेळीं पुढच्या सिंहाचलम्कडे लागलेलें असतें. मधल्या लहान स्थानकांवर उतरण्याचें त्यांस कांहींच कारण नसतें. आम्ही २०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत सोंपेटा नांवाच्या अशाच एका स्थानकावर सहकुटुंब उतरलों आणि पांच दिवस त्या भागांत राहिलों. तेथें जें पाहिलें व ऐकिलें, तें आपल्याकडील प्रत्येक घरानें जाणून घेण्याजोगें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या निमित्तानें विशाखापट्टणम् येथें स्थायिक झाला आहे. त्याची पत्नी तेलुगू असून तिचें माहेर सोंपेट्याजवळच्या एका खेड्यांत आहे. पुरीच्या यात्रेचा बेत त्यास कळवितांच तो फोनवर म्हणाला, "सर, पुरीपर्यंत येतांच आहांत, तर माझ्या सासुरवाडीस चार दिवस राहा. तो भाग पाहून तुम्हांस कोंकणांत आल्यासारखें वाटेल. आणि कोंकणांत जें नाहीं, तेंही तेथें पाहाल." या बोलण्याचा उत्तरार्ध आम्हांस त्या वेळीं उमगला नाहीं.

या भूभागाचें नांव उद्दानम. ‘उद्यानवनम्’ या संस्कृत शब्दाचें तें रूपांतर होय असें तेथील लोक सांगतात, आणि प्रत्यक्ष पाहिलें असतां ही व्युत्पत्ति खोटी म्हणवत नाहीं. इच्छापुरम्, कविटी, कंचिली, सोंपेटा, मंदसा, पलासा, वज्रपुकोत्तूरु अशा सात मंडलांत, म्हणजे आपल्या भाषेंत लहान तालुक्यांत, तो पसरलेला आहे. नारळ, काजू, फणस आणि आंबा हीं चारही झाडें एकेका आवारांत शेजारीं शेजारीं उभीं असतात. माघ सरत आलेला असल्यामुळें आंब्याकाजूंस मोहोर आला होता आणि फणसांच्या खोडांस कोंवळ्या कुयऱ्या लागल्या होत्या. रत्नागिरीकडील माणसास डोळे बांधून येथें आणून सोडलें, तर लोकांची भाषा कानीं पडेपर्यंत आपण परमुलखांत आहों हें त्यास कळावयाचें नाहीं. पलासा हें गांव काजूच्या व्यापारासाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांतून शेंकडों बायका रांगेनें बसून काजूगर सोलीत व निवडीत असतात.

पश्चिमेकडे, ओडिशाच्या हद्दींत, १,५०१ मीटर उंचीचा महेंद्रगिरि आहे. क्षत्रियांचा संहार केल्यावर सारी पृथ्वी कश्यपास दान देऊन भगवान् परशुराम ज्या महेंद्र पर्वतावर राहिले, तो हाच असें मानितात. ज्यानें समुद्र मागें हटवून कोंकणभूमि निर्माण केली असें आपण लहानपणापासून ऐकत आलों, त्याच परशुरामाचा वास येथल्या डोंगरावर असावा, हा योग आम्हांस मोठा गोड वाटला. कालिदासानेंही रघूच्या दिग्विजयांत कलिंग देश वर्णितांना, रघूच्या सैनिकांनीं महेंद्राच्या परिसरांत विड्याच्या पानांतून नारळाचें आसव प्राशन केल्याचें सांगितलें आहे. म्हणजे या किनाऱ्यावरील नारळींस दीड हजार वर्षांची साक्ष आहे. ११ ऑक्टोबर २०१८ रोजीं ‘तितली’ नांवाचें चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें व असंख्य नारळी उन्मळून पडल्या. त्यांच्या जागीं लाविलेलीं झाडें आतां माणसाच्या उंचीच्या वर गेलीं आहेत. वादळ दिसतें, त्याचा आवाज येतो, त्याची आगाऊ सूचना मिळते. म्हणून माणूस त्यांतून सावरतो. ज्याची सूचना मिळत नाहीं असें संकट या उद्यानांत दुसरेंच आहे.

आमचे यजमान, म्हणजे विद्यार्थ्याचे श्वशुर, पासष्ट वर्षांचे बागाईतदार आहेत. ते आम्हांस ‘मास्टारू’ म्हणत, आणि त्यांचें बोलणें विद्यार्थी व त्याची पत्नी मराठींत सांगत. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ते आम्हांस गांव दाखवावयास घेऊन निघाले. आपल्याकडील रिवाजाप्रमाणें तेथेंही घरोघर ओसरीवरच्या भिंतीला मृत वडीलधाऱ्यांच्या तसबिरी लावितात. परंतु येथील तसबिरींतले चेहरे वडीलधाऱ्यांचे नव्हते. कोणी चाळिशीचा, कोणी पंचेचाळिशीचा. एका घरीं तर दोघे भाऊ शेजारीं शेजारीं. ओसरीवर बसलेली त्यांची आई आम्हांस पाहून उठली, पाणी घेऊन आली, आणि आम्ही न विचारतांच तसबिरींकडे बोट दाखवून एकच शब्द बोलली, "किडनी." त्या शब्दाचें भाषांतर करण्याची विद्यार्थ्यावर पाळी आली नाहीं.

उद्दानमांत मूत्रपिंडाचा जीर्ण विकार फार आहे, हें गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभीं डॉक्टरांच्या ध्यानांत येऊं लागलें. विशाखापट्टणम्च्या रुग्णालयांत या एवढ्याशा भागांतून एकामागून एक रोगी येत, आणि येत ते बहुधा मूत्रपिंडें पुरतीं निकामी झाल्यावर. पुढें अनेक संस्थांनीं गांवोगांव पाहणी केली. येथील प्रौढांपैकीं सुमारे एकपंचमांश लोकांच्या मूत्रपिंडांस कमीअधिक दोष आहे, असें तींतून निघालें. नवलाची गोष्ट ही कीं, यांतील पुष्कळांस मधुमेह नाहीं व फारसा रक्तदाबही नाहीं. आणि इतरत्र तर या रोगाचीं हींच दोन मुख्य कारणें. पाण्यांतील सिलिका व जड धातु, शेतांतील कीटकनाशकें, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, उन्हांतान्हांत पाण्यावांचून केलेले कष्ट, वंशपरंपरा, या सर्वांवर संशय घेऊन झाला आहे. परंतु अमुकच कारण असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. श्रीलंकेंत अनुराधपुराच्या बाजूचे भातशेतकरी आणि मध्य अमेरिकेंत निकाराग्वा व एल साल्वादोर येथील उंसाच्या मळ्यांतील मजूर यांच्यांतही अशाच तऱ्हेचा रोग आढळतो. पृथ्वीच्या दोन टोकांच्या या लोकांत साम्य इतकेंच कीं, ते गरीब आहेत, उष्ण प्रदेशांत राहतात आणि उन्हांत राबतात.

हा रोग असा उशिरां कां सांपडतो, हें समजण्यास मूत्रपिंडाचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढालीं, सुमारे दीडदीडशें ग्रॅम वजनाचीं हीं दोन इंद्रियें असतात. आयुर्वेदांत त्यांस वृक्क म्हणतात. प्रत्येकांत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असून दिवसभरांत त्यांतून १८० लिटर द्रव गाळला जातो; त्यांतील बहुतेक सारा पुन्हां रक्तांत परत जातो व लिटर दीड लिटर काय तें मूत्र होतें. इतकी मोठी शिलकी शक्ति देवानें दिलेली असल्यामुळें निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी माणसास कांहीं जाणवत नाहीं. पोट दुखलें तर माणूस ओंवा मागतो, दांत दुखला तर रात्र जागून काढतो. मूत्रपिंड मात्र खंगत असतांना एक शब्द बोलत नाहीं. पायांस सूज, अन्नावरची वासना उडणें, मळमळ, धाप हीं लक्षणें दिसूं लागतात, तेव्हां बहुधा दहाबारा टक्केच शक्ति उरलेली असते. मग यंत्रानें रक्त शुद्ध करून घेणें, म्हणजे डायलिसिस, अथवा दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविणें, याखेरीज मार्ग राहत नाहीं. डायलिसिस आठवड्यांतून दोनतीनदां, दर खेपेस चार चार तास, आणि जन्मभर. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें १९७५ सालीं स्थानबद्धतेच्या काळांत उघड झालें, आणि पुढें मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत त्यांचें डायलिसिस सुरू झालें. १९७९ पर्यंत त्यांचें आयुष्य त्या यंत्राशीं बांधलेलें राहिलें, हें आमच्या वयाच्या वाचकांस स्मरत असेल. लोकनायकाच्या पाठीशीं सारा देश होता. नारळावर चढणाऱ्या माणसानें दोनशें किलोमीटरांवरच्या विशाखापट्टणम्ला आठवड्यांतून दोनदां कसें जावें?

एवढ्या मोठ्या अनर्थाची आगाऊ खूण ओळखण्याचें साधन मात्र फार लहान आहे. आपल्या चरकसुश्रुतांनीं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, आणि मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात हें टिपून ठेविलें. म्हणजे मूत्र पाहून रोग जाणण्याची दृष्टि आपल्याकडे जुनीच. लंडनच्या गाय रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट या वैद्यानें १८२७ सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. सूज आलेल्या रोग्याचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविलें असतां, अंड्याचा पांढरा भाग गोठावा तसें तें गढूळ होतें, आणि अशा रोग्यांचीं मूत्रपिंडें मरणोत्तर तपासणींत बिघडलेलीं आढळतात, हा संबंध त्यानें जोडला. एक चमचा आणि एक मेणबत्ती! मूत्रांतून प्रथिन जाऊं लागणें ही गाळणी फाटूं लागल्याची खूण होय.

या साधेपणाचा उपयोग आपल्याच देशांत एका डॉक्टरांनीं कसा केला, तें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. डॉ. एम. के. मणि हे पूर्वीं मुंबईस जसलोक रुग्णालयांत होते व नंतर चेन्नईस गेले. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं एक न्यास स्थापून चेन्नईजवळच्या खेड्यांत काम मांडलें. गांवांतल्याच शाळा शिकलेल्या मुलींस त्यांनीं शिकवून तयार केलें. त्या दर वर्षीं घरोघर जात. कोणास कांहीं त्रास आहे कीं नाहीं याची वाट न पाहतां प्रत्येकाचें मूत्र तपाशीत, आणि अगदीं लहान मुलें सोडून सर्वांचा रक्तदाब मोजीत. प्रथिनासाठीं सल्फोसॅलिसिलिक आम्ल आणि साखरेसाठीं बेनेडिक्टचें द्रावण. शाळेच्या प्रयोगशाळेंत निळ्याचें विटकरी होतांना मुलें पाहतात, तेंच हें द्रावण. ज्यांच्यांत दोष सांपडे त्यांस डॉक्टर पाहत आणि जुनीं, स्वस्त, परंतु गुणकारी औषधें नियमानें देत. या साऱ्यास माणशीं वर्षाला तेव्हांचे दहाबारा रुपये खर्च आला, आणि रक्तदाबाच्या बहुतेक रोग्यांचा दाब काबूंत राहिला. मधुमेह आणि रक्तदाब हीं ज्या रोगाचीं मुळें, तो रोग मुळाशींच धरण्याचा हा मार्ग होय. ज्या देशांत यंत्रें थोडीं व रोगी फार, तेथें याहून शहाणा मार्ग आम्हांस तरी दिसत नाहीं.

परंतु उद्दानमांत हा चमचा व मेणबत्ती अपुरी पडते, हें आम्हांस तेथें गेल्यावरच समजलें. येथील रोगांत गाळण्यांहून त्यांच्या पुढील नलिका व मधला भाग आधीं बिघडतो. त्यामुळें मूत्रांत प्रथिन पुष्कळदां येतच नाहीं, आलें तर अगदीं थोडें. म्हणून येथें रक्त काढून त्यांतील क्रिएटिनिन मोजावें लागतें. स्नायूंच्या नित्याच्या झिजेंतून होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडें बाहेर टाकतात. तो रक्तांत साठूं लागला म्हणजे गाळण्या थकल्या असें समजावें. त्यांतही एक गोम आहे. किडकिडीत शरीराच्या माणसाचे स्नायूच थोडे, म्हणून त्याचा आंकडा चांगला दिसूनही मूत्रपिंड बिघडलेलें असूं शकतें. यासाठीं वय आणि स्त्रीपुरुषभेद हिशेबांत घेऊन गाळण्याचा वेग काढतात. तो ६० च्या खालीं सतत तीन महिने राहिला, तर विकार जीर्ण झाला असें मानितात. १५ च्या खालीं गेला म्हणजे यंत्राची वेळ आली. सारांश, रोग लवकर ओळखण्याची एकच रीति सर्व ठिकाणीं लागू पडत नाहीं; ज्या गांवचा रोग, त्या गांवचें माप.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं देवळाच्या मंडपांत अशी तपासणी होती. आशा कार्यकर्ती असलेली एक बाई व तिच्याबरोबरची परिचारिका टेबल मांडून बसल्या होत्या. रक्ताच्या नळ्या सोंपेट्याच्या रुग्णालयांत जावयाच्या होत्या. म्हातारीं माणसें व बायका आपण होऊन आल्या. तरुण पुरुष मात्र लांब वडाच्या पारावर बसून पाहत होते. यजमानांनीं त्यांतील एकास हांक मारली. तो पस्तिशीचा, नारळ उतरविण्याचें काम करणारा, अंगानें काटक. त्याचा थोरला भाऊ तीन वर्षांपूर्वीं याच रोगानें गेला होता. तो जवळ आला, पण बांही वर करीना. विद्यार्थ्यानें त्याचें बोलणें आम्हांस सांगितलें तें असें : "मला कांहीं होत नाहीं. झालें आहे असें कागदावर आलें, तर धाकट्या बहिणीचें ठरत आलेलें लग्न मोडेल. आणि कळून तरी करायचें काय? भावाला कळलें होतें. तो वांचला का?"

या प्रश्नावर मंडपांत कोणीच बोललें नाहीं. रोगाच्या भीतीनें या गांवांतून मुलगी करण्यास व मुलगी देण्यास बाहेरचे लोक कचरतात, हें खरें होतें. शिकलेल्या माणसास वाटतें कीं, लोक अडाणी म्हणून तपासणी टाळतात. तसें नाहीं. ज्या ज्ञानाच्या पाठीशीं उपाय उभा नाहीं, तें ज्ञान गरिबास शापासारखें वाटतें, आणि तें वाटणें अगदींच निराधार नाहीं.

आमचे यजमान घरीं गेले व एक जुनी वही घेऊन आले. ती त्यांनीं त्या तरुणासमोर उघडली. सहा वर्षांपूर्वींच्या पहिल्या पानावर क्रिएटिनिन १.६ असा आंकडा होता. "मलाही हाच रोग आहे," ते म्हणाले. आम्ही चमकलों, तीन दिवस त्यांच्या घरीं जेवत होतों, पण आम्हांस त्याचा सुगावाही लागला नव्हता. "त्या वेळीं मलाही कांहीं होत नव्हतें. डॉक्टरांनीं अंगदुखीच्या गोळ्या बंद केल्या, रक्तदाब थोडा वाढला होता त्याचें औषध दिलें, मीठ कमी केलें, दुपारचें उन्हांतलें काम सोडावयास सांगितलें. आज सहा वर्षांनीं आंकडा १.८ आहे. तुझ्या भावाला कळलें, तेव्हां तो नऊवर गेला होता. त्याला कळलें, पण केव्हां कळलें?"

तरुण वहीकडे पाहत राहिला व कांहीं न बोलतां निघून गेला. दुसऱ्या दिवशीं पहांटे, गांव जागा होण्यापूर्वीं, तो आशाबाईच्या दारांत जाऊन उभा राहिला. तिनें आदल्या दिवशींची एक नळी शिल्लक ठेविली होती. "आज नाहीं तर उद्यां येतात," ती हंसून म्हणाली, "पण अंधार असतांना येतात." या बाईनें आपल्या कामाचें सारें मर्म या एका वाक्यांत सांगितलें असें आम्हांस वाटतें. तो आंकडा मर्यादेच्या किंचित् वर निघाला. तीन महिन्यांनीं पुन्हां पाहिला तरी तेवढाच होता, असें विद्यार्थ्यानें पुढें कळविलें. त्यानें उसाभर होतांच घ्यावयाची गोळी सोडली आहे व तपासणी चुकवीत नाहीं. बहिणीचें लग्नही झालें. पुढें काय होईल तें कोणीच सांगूं शकत नाहीं, कारण ज्या रोगाचें कारणच ठाऊक नाहीं, त्याची गति कधीं कधीं सर्व पथ्य पाळूनही थांबत नाहीं. परंतु हातीं वर्षें आहेत, महिने नव्हेत. हा फरक लहान नाहीं.

सरकारनें येथें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. आतां सोंपेटा, पलासा वगैरे ठिकाणीं डायलिसिसचीं केंद्रें आहेत. डायलिसिसवर असलेल्यांस २०१७ पासून मासिक वेतन मिळूं लागलें, व २०१९ मध्यें तें दहा हजार रुपये झालें. १४ डिसेंबर २०२३ रोजीं पलासा येथें मूत्रपिंडविकाराचें संशोधनकेंद्र व २०० खाटांचें रुग्णालय सुरू झालें. त्याच दिवशीं, हिरमंडलम्च्या जलाशयांतून नळानें शुद्ध पाणी आणून गांवोगांव पुरविण्याची ७०० कोटी रुपयांची योजनाही कार्यान्वित झाली. आम्ही पलासाचें रुग्णालय बाहेरून पाहिलें. इमारत भव्य आहे. तथापि रुग्णालय म्हणजे वाटेच्या शेवटचें घर. वेतन मिळतें तें रोग फार पुढें गेल्यावर. त्याच्या दहा वर्षें आधीं जी बाई दारीं येऊन "दादा, हात पुढें कर" म्हणते, तिचें काम कोणत्याही कोनशिलेवर लिहिलें जात नाहीं. जगांत ८५ कोटींहून अधिक माणसांस मूत्रपिंडाचा कोणता तरी विकार आहे असा अंदाज आहे, व त्यांपैकीं बहुतेकांस तो ठाऊक नाहीं. मे २०२५ मध्यें जागतिक आरोग्य सभेनें मूत्रपिंडाच्या आरोग्याविषयीं ठराव केला, हें चांगलेंच झालें. परंतु ठराव अखेरीस त्या दारापर्यंत पोहोंचला पाहिजे.

आतां आपल्या घरांविषयीं. महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत उद्दानमचा गूढ रोग नाहीं. परंतु मधुमेह व रक्तदाब घरोघर आहेत, आणि मुका रोग म्हणून जो आम्हीं वर वर्णिला, तो यांच्या पावलांनीं आपल्याही माजघरांत शिरतो. ज्यांस मधुमेह अथवा रक्तदाब आहे, ज्यांचें वय साठीच्या पुढें गेलें आहे, ज्यांच्या आईबापांस किंवा भावंडांस मूत्रपिंडाचा विकार झाला आहे, ज्यांस वारंवार मूतखडा होतो, किंवा ज्यांस गुडघ्याकंबरेसाठीं वेदनाशामक गोळ्या नित्य घेण्याची संवय आहे, त्यांनीं वर्षांतून एकदां दोन तपासण्या कराव्या : रक्तांतील क्रिएटिनिन आणि मूत्रांतील अल्ब्युमिन. दोन्हींस मिळून जो खर्च येतो, त्याहून अधिक पैसे आपण एका सणाच्या मिठाईवर खर्च करितों. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानांतून परस्पर आणून घेऊं नयेत. आणि कोणत्याही भस्मास अथवा काढ्यास, त्यांत काय आहे हें जाणल्यावांचून, केवळ प्राचीन म्हणून निर्भय मानूं नये. आयुर्वेदाविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे, म्हणूनच हें सांगत आहों.

आणखी एक गोष्ट विशेषेंकरून एकत्र कुटुंबाच्या कर्त्यांस सांगावीशी वाटते. आपल्या देशांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. पतीसाठीं व मुलासाठीं जी देहाचा अर्धा भाग काढून देण्यास सिद्ध होते, तिचा स्वतःचा रक्तदाब घरांत कितीदां मोजला जातो? गरोदरपणीं ज्या सुनेचा रक्तदाब वाढला होता, तिच्या मूत्रपिंडांस पुढेंही जपावें लागतें, हें किती घरांस ठाऊक आहे? घरांतल्या पुरुषांची तपासणी झाल्यावर वेळ उरला तर बायकांची, हा क्रम मोडला पाहिजे.

दिवाळीपूर्वीं आपण घराचा कानाकोपरा झाडून काढितों. माळ्यावर कांहीं दिसत नाहीं म्हणून तेथें कांहीं नाहीं, असें समजत नाहीं. त्याच आठवड्यांतला एक दिवस ठरवून घरांतील सर्व मोठ्या माणसांनीं एकत्र जाऊन आपला रक्तदाब मोजवावा, डॉक्टरांच्या सल्ल्यानें ज्यांस लागू आहेत त्यांनीं वरच्या दोन तपासण्या करून घ्याव्या, आणि आलेले आंकडे तारीखवार एका वहींत लिहून ठेवावे. ती वही देवघराजवळ ठेवावी, म्हणजे हरवणार नाहीं. पहिला हात कर्त्या पुरुषानें पुढें करावा. वडीलच बसले म्हणजे मग कोणास लाज अथवा भीति वाटत नाहीं.